खाजणाची सुनावणी

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

नोटीस लागली एकदाची! चर्चच्या फाटकावर, रेशनच्या दुकानावर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर. खाजणाला लागून चौदा इमारतींची वसाहत होणार. कुणाची हरकत असेल तर लेखी द्या, एप्रिलमध्ये शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सुनावणी. पपांनी खांबापाशी उभं राहून ती दोनदा वाचली. घरी येऊन म्हणाले, लढायचा दिवस आला शेवटी. लग्नाला निघाल्यासारखे खूश.

खाजण म्हणजे पपांचं धाकटं लेकरू. मम्मी म्हणायची — आयडा थोरली, खाजण धाकटं, आणि लाड धाकट्याचेच. खोटं नाही. मी शाळेत होते तेव्हा मिठागरवाल्यांनी बांध घालून खाडीचं पाणी अडवलं होतं. आतलं पाणी काळं पडलं, तिवरं उभ्या उभ्या वाळली, आणि डास इतके की दिवेलागणीला दारं लावून बसायचं. मग पपा आणि त्यांचे जुने दोस्त बॅप्टिस्ट अंकल कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून परवानगी घेऊन आले आणि बांध फोडला. भरतीचं पहिलं पाणी आत शिरलं तेव्हा पपा गुडघाभर चिखलात उभे राहून रडत होते. मी बघितलंय. नंतर दर रविवारी मिस्सा झाली की तिवराच्या शेंगा रोवायला जायचे. मासळी आली, पाखरं आली. आता तिवरं एवढी दाट झालीत की आत शिरलेला माणूस बाहेरून दिसत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

टेलिफोन एक्सचेंजमध्ये सुगंधाला नोटिशीचं सांगितलं. तिनं हेडफोन काढलाच नाही. मग चहाच्या वेळी म्हणाली, आयडा, तिथं आमचं घर होणार आहे गं.

मला ठाऊकच नव्हतं! तिच्या नवऱ्याची, गुणाजीची, मिल संपानंतर उघडलीच नाही. आता तो औषधांच्या गोदामात आहे. मिलमधल्याच कोकणातल्या माणसांनी मिळून सोसायटी केली, त्या चौदांतली एक इमारत त्यांची. आत्ता भांडुपला एका खोलीत सातजण. सासू आजारी, तिला झोपवायचं म्हणून गुणाजी आणि दीर बाहेर पायऱ्यांवर झोपतात. हे सगळं तिनं रागानं सांगितलं नाही. हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

मी आणि ती शेजारी शेजारी बसून ट्रंक कॉल जोडतो, इतकी वर्षं झाली. काय बोलणार? म्हटलं, तुझं घर झालंच पाहिजे. ती म्हणाली, मग तुझ्या पपांना सांग ना.

नाही सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

घरात सभा. बॅप्टिस्ट अंकल, चर्चमधली माणसं, दोन कॉलेजातले मास्तर. सगळ्यांसाठी फुगे, आमचे मैद्याचे गोल वडे, तळता तळता माझे हात दुखले. पपा झकास बोलले. त्यांचं म्हणणं एवढंच — उधाणाचं पाणी पसरायला जागा लागते. ती जागा भरून टाकलीत तर पाणी तुमच्या जिन्यानं वर येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुनावणीत बोलणार पपाच, हे कुणी ठरवावंही लागलं नाही.

सभा चालू असतानाच चंद्रप्रकाश पाणी प्यायला आला. हा बिल्डरचा मोजणीवाला, बिचारा दिवसभर उन्हात लाल निशाणं रोवत असतो. पपा त्याच्याशीही गोड बोलतात. त्यानं अर्धी बादली पाणी डोक्यावर ओतलं आणि सांगितलं की तिवरांच्या आत तो आता जाणार नाही, साहेबांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तो आणि त्याचा मदतनीस, सरळ रेषेत चालत गेले दोघं, यंत्र लावून. आणि जिथून आत शिरले तिथूनच बाहेर आले. वळलो नाही, म्हणाला. कुठंच वळलो नाही.

अंकल हसले. चकवा लागला म्हणाले. पपाही हसले. आमचं खाजण आमच्या बाजूचं आहे म्हणाले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पपा सकाळी ओहोटीला खाजणात गेले ते अजून आले नाहीत. अंकल होडी घेऊन गेलेत. जेवण झाकून ठेवलंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नाहीत. चौकीत सांगून आले. सबंध गावठाण शोधतंय. भरती येऊन गेली, परत आली, परत गेली. तिवरांच्या कडेला उभी राहून हाका मारल्या, घसा बसला. आतून काहीच नाही — पाखरूसुद्धा उडालं नाही. अंकल माझ्याकडे बघायचं टाळतात. फादर येऊन बसलेत. मला प्रार्थना आठवत नाहीये.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आले! आले आले आले.

दुपारी. बांधावरून चालत, नेहमीसारखे, काठी खांद्यावर. मी धावत सुटले. गल्लीतली गर्दी बघून ते थबकले आणि विचारलं, कोण गेलं?

त्यांच्या लेखी अजून मंगळवारच होता. सकाळी गेलो, जरा उशीर झाला, एवढंच. वर्तमानपत्र दाखवलं तेव्हा तारखेवर बोट ठेवून बसून राहिले. कुठं होतात विचारलं तर म्हणाले, आतच होतो. काय करत होतात? ऐकत होतो. पुढं काही नाही.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, कारण बाहेर कुणाशी बोलले नाही. पायांना चिखल नव्हता. पँट कोरडी. आणि दाढी — पपा रोज सकाळी दाढी करतात. गाल गुळगुळीत होते. मी हात लावून बघितला.

२३ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणतात प्रकृती ठणठणीत. उन्हानं भ्रम झाला असेल, वयाचंही असतं.

खाजणाकडे पाठ करून बसतात. मागची खिडकी खिळे मारून बंद केली. त्या खिडकीतून सकाळी बगळे मोजायचे, कितीही घाई असली तरी. मिस्सेला आले, पण परत येताना बांधावरची वाट सोडून पार बाजारातून वळसा घालून आले.

दुपारी मागच्या दारातून हाक मारली, पपा, जेवायला या. ते पुढच्या अंगणात होते. हातातला तांब्या पडला. आत आले, चेहरा मातीसारखा. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, आयडा, मला लांबून हाक मारत जाऊ नकोस. जवळ येऊन बोल.

पूर्वी हाक पुरी व्हायच्या आत ओ द्यायचे.

२ मार्च, रविवार

अंकल हरकतीचा मसुदा घेऊन आले. पपांनी सगळा शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितलं, मी यावर सही करणार नाही. मी सुनावणीला येणार, पण इमारती होऊ द्या म्हणून सांगायला.

अंकलना वाटलं थट्टा. मग कळलं. इतका वाईट शांतपणा मी आमच्या घरात मम्मी गेली तेव्हाच बघितला होता. अंकलनी कारण विचारलं. पपा म्हणाले, कारण नाही. अंकल म्हणाले, ज्युलियस, चिखलात माझी टाच फाटली होती ती तू फडक्यानं बांधलीस, आठवतं? आज कारण नाही म्हणतोस?

अंकल चहा न घेता गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी भांडले. होय, भांडले. म्हटलं, कुणी धमकावलंय का? नाही. मग? पपा म्हणाले, तिथं माणसं हवीत. दिवे हवेत. रेडिओ, भांडी, पोरांची रडारड. भरपूर आवाज हवा.

११ मार्च, मंगळवार

मासळीबाजारात मला ऐकू जाईल असं कुणीतरी बोललं — म्हातारा विकला गेला.

आणि एक्सचेंजमध्ये सुगंधानं पेढा दिला. तिला बाहेरून कळलं. तुझे पपा म्हणजे देवमाणूस, म्हणाली. पेढा रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.

१६ मार्च, रविवार

आज कळलं. निदान आज त्यांनी काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी दोघंच होतो. मी विचारलं, पपा, तुम्ही ऐकत होता म्हणालात ते काय ऐकत होता? खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ की मीच नजर काढून घेतली. मग म्हणाले — मम्मी.

मम्मी हाका मारत होती, म्हणाले. त्या सकाळी काठाशी उभे होते तेव्हा आतून हाक आली. ते तिवरांत शिरले. आवाज पुढं पुढं जात राहिला. जवळ गेलं की थांबायचा, मग दुसरीकडून. त्यामागे चालले, चालले, आणि मग परत आले.

मला काय वाटलं ते कसं लिहू. आधी भीती. मग राग आला — मम्मी चर्चच्या मागे आहे, मी स्वतः माती टाकली, दर महिन्याला फुलं ठेवते, ती चिखलात कशाला येईल? आणि मग, पपा झोपल्यावर, मत्सर. होय. माझ्या कानाला मम्मीचा आवाज आता आठवत नाही. दिवसभर शेकडो आवाज कानात घालते, एका ‘हॅलो’वरून माणूस ओळखते. आणि तिचा आठवत नाही.

तो आवाज बुजवून का टाकायचाय, विचारलं. मम्मी आहे तर राहू दे ना. पपा म्हणाले, तो आवाज सुखाचा नाही.

२३ मार्च, झावळ्यांचा रविवार

आज आत गेले.

पपांना सांगितलं मैत्रिणीकडे चाललेय. भर दुपार, ओहोटी. पपांनीच लहानपणी दाखवलेली वाट आहे — तिवराच्या मुळ्यांवर पाय देत जायचं, चिखलात नाही. सुरुवातीला सगळं नेहमीचं. निवटे मासे चिखलावर उड्या मारत होते, खेकडे बिळांत पळत होते. मागं रस्त्यावर बसचा हॉर्न. कुणाकडेतरी लग्न, त्याचा लाउडस्पीकर.

मग ते थांबलं. हळूहळू नाही. खोलीचं दार लोटल्यासारखं. हॉर्न नाही, स्पीकर नाही. बगळे बसले होते तिवरांवर, खूप, सगळे एकाच दिशेला तोंड करून. मी हाताच्या अंतरावरून गेले तरी उडाले नाहीत. डोळे उघडे होते.

मी ‘मम्मी’ म्हटलं. आधी हळू, मग मोठ्यानं. लाज वाटत होती आणि थांबवतही नव्हतं. काही नाही. किती वेळ उभी होते ठाऊक नाही. घाम गार पडला आणि वाटलं, पुरे, घरी जावं. वळले तर वाट नाही. म्हणजे वाट होती, पण मी आले ती नव्हे. मुळ्यांवर कुणाच्या पायाची खूण नव्हती, माझ्याही नाही. लांब तिवरांमधून काहीतरी पांढरं दिसलं. पपांचा शर्ट वाटला. मी ओरडले — पपा!

आणि माझा आवाज परत आला.

ट्रंक लाइन खराब असली की आपलंच बोलणं क्षणभरानं कानात परत येतं. आम्हाला सवय आहे. पण खाजणात आवाज आपटायला भिंत नाही, डोंगर नाही. आणि क्षणभरानं नाही आला. मी ओरडले, वाट बघितली, पाय काढून दुसऱ्या मुळीवर ठेवला, आणि मग आला. पपा. माझाच. पण घोगरा, आणि दमलेला. मी त्या वेळी तोंड मिटून उभी होते.

पळाले. चिखलातून, पडत, चपला तिथंच. चर्चचा क्रूस दिसला तिवरांवरून, त्याच्याकडे बघत पळाले आणि बांधावर आले.

बांधावर पपा उभे होते. दोन्ही कानांवर हात दाबून, डोळे घट्ट मिटून, लहान मुलासारखे. मी हात धरला तेव्हा डोळे उघडले. विचारलं, तू आत हाक मारलीस? मी म्हटलं, नाही.

का खोटं बोलले? माहीत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

गुड फ्रायडे. उपास. क्रूसाच्या वाटेला पपा आले नाहीत. रात्री हात जोडून माझ्या खोलीच्या दारात उभे होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, काही नाही, झोप.

६ एप्रिल, रविवार

अंकल आले — घरी नाही, चर्चच्या आवारात गाठलं. सुनावणीत मी बोलावं म्हणतात. ज्युलियसची मुलगी बोलली तर ज्युलियसचं बोलणं पुसलं जाईल. असं सरळ म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. आम्ही दोघांनी काय केलं होतं ते तू बघितलंस, आणखी कोण सांगणार?

मला त्या दुपारबद्दल त्यांना सांगायचं होतं. नाही जमलं. उन्हात सांगायला गेलं की ते सगळं पोरकट वाटतं. रिकाम्या पोटी ऊन लागलं, घाबरले, प्रतिध्वनी ऐकला. डॉक्टर हेच म्हणतील.

अंकलचं मागणं पपांपासून मात्र लपवलं नाही. ऐकून घेतलं त्यांनी. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. लग्न कर म्हणून मागं लागलो नाही. एक मागतो. त्या दिवशी ड्युटी लावून घे. येऊ नकोस.

कारण सांगा, म्हटलं. एक खरं कारण सांगा, मी नाही येत.

तोंड उघडलं. मिटलं. मग नेहमीचं — मम्मी.

रात्रभर विचार केला. पपा आजारी आहेत, हे मला स्वतःशी कबूल करायला हवं. नोटीस वाचून खूश झालेले पपा बरे होते. ते त्या मंगळवारी आत गेले आणि अजून नीट आले नाहीत. मी त्यांच्या बाजूनं बोलणार. घरात खिडकीला खिळे मारून बसलेल्यांच्या नाही.

१२ एप्रिल, शनिवार

झाली सुनावणी.

शाळेचा हॉल खच्चून भरलेला. पुढं टेबलामागं तीन अधिकारी, पंखा त्यांच्याच डोक्यावर. एका बाजूला आमचं गावठाण, दुसऱ्या बाजूला सोसायट्यांची माणसं. सुगंधा दुसऱ्या रांगेत, गुणाजी शेजारी. मी हात केला. तिनंही केला, अर्धवट.

बिल्डरच्या माणसानं नकाशा लावला. निळ्या रंगात खाजण, त्याच्या काठानं पिवळ्या चौकटी. सुंदर दिसत होतं! मग लोक बोलले. सुगंधाचं नाव पुकारलं तेव्हा मी मान खाली घातली. ती नेहमीच्या आवाजात बोलली — नंबर प्लीज म्हणते ना, त्याच आवाजात. म्हणाली, साहेब, पाखरांना जागा हवी, मान्य. माझी सासू गेल्या महिन्यात वारली. शेवटच्या दिवशी तिला पाय पसरायला जागा नव्हती. ते मी कुणाला सांगू?

मला ठाऊक नव्हतं सासू गेल्याचं. शेजारी बसते माझ्या. सांगितलं नव्हतं.

मग पपा. हॉलमध्ये कुजबुज. काळा कोट घातला होता, मम्मीच्या मयताच्या वेळचा. अध्यक्ष साहेबांनी आदरानं विचारलं, हे खाजण तुम्हीच जिवंत केलंत असं इथं सगळे सांगतात. तुमचं काय म्हणणं?

पपा म्हणाले, “साहेब, पाणी मीच आत घेतलं. चूक झाली. बुजवून टाका.”

आमच्या बाजूनं आरडाओरडा. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. कारण विचारलं. पपांनी कोटाचं बटण लावलं. मग म्हणाले, “तिथं एकट्या माणसानं उभं राहू नये. घरं बांधलीत तर कुणी एकटं उभं राहणार नाही. माझं एवढंच म्हणणं आहे.”

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. चंद्रप्रकाश भिंतीला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

माझं नाव सगळ्यांत शेवटी. काय बोलले ते नीट आठवत नाही. मेलेलं पाणी कसं होतं ते सांगितलं, वास, डास, वाळलेली तिवरं. बांध फुटल्यावर काय काय परत आलं ते. गेल्या पावसाळ्यात उधाण आलं तेव्हा पाणी खाजणात पसरलं म्हणून आमच्या गल्लीत शिरलं नाही, हे सांगितलं. सुगंधाकडे बघून सांगितलं की घरं हवीत, लवकर हवीत, पण पाण्याच्या वाटेत बांधलेलं घर पाणी परत मागतं. रस्त्यापलीकडची पडीक जमीन कोरडी आहे, तिथं बांधा. आणि शेवटी म्हटलं, माझे पपा आजारी आहेत. बरे होते तेव्हा ते जे बोलले असते ते मी बोलतेय.

टाळ्या पडल्या. पपांकडे बघायचा धीर झाला नाही.

घरी दोघं बरोबरच चालत आलो. रागावले असते तर बरं झालं असतं. दारात पोचल्यावर म्हणाले, छान बोललीस. अगदी माझ्यासारखी. आणि मग हात धरून — खाजणाकडे जाऊ नकोस. मी असेपर्यंतही नको, मी नसतानाही नको. कबूल कर.

कबूल केलं. म्हाताऱ्या माणसाला काय नाही म्हणायचं.

१३ एप्रिल, रविवार

अंकल आले. पपांनी दार उघडलं. दोघं अंगणात बसले. मी चहा ठेवून आले. प्यायले.

२२ एप्रिल, मंगळवार

सुगंधानं ड्युटी बदलून घेतली. आता ती सकाळची, मी दुपारची. जाता येता जिन्यात भेटते. सासूचं कळल्यावर मी घरी जाऊन येणार होते. गेले नाही. कोणत्या तोंडानं?

आज जिन्यात थांबली. म्हणाली, तू खोटं बोलली नाहीस, मला ठाऊक आहे. पण माझ्याशी आधी बोलायचं होतंस.

हो. बोलायचं होतं.

२६ मे, सोमवार

निकाल आला! जिंकलो.

चौदाच्या चौदा इमारती रस्त्यापलीकडे न्यायच्या. खाजण आणि त्याच्या काठची पट्टी कायमची मोकळी. सोसायटीवाल्यांना तिकडे जागा मिळणार. उशीर होईल, पण मिळेल. मी निरोप ठेवलाय सुगंधासाठी. गल्लीत फटाके लागले. अंकलनी मला उचलून गोल फिरवलं, या वयात!

पपांना सांगायला आत गेले. जवळ जाऊन सांगितलं, ते म्हणतात तसं. त्यांनी विचारलं, कायमची म्हणजे किती वर्षं?

म्हटलं, कायमची म्हणजे कायमची, पपा. शंभर वर्षं. मी म्हातारी होऊन मरेन तरी तिवरं तिथंच असतील.

पपा खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं. जमिनीवरच बसले.

२९ मे, गुरुवार

पपांनी आज खरं सांगितलं. मम्मी नव्हती. तिवरांत मी होते. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, एकटी, आणि ‘पपा, पपा’ करून त्यांना शोधत होते. ते सकाळभर माझ्या समोर उभे राहून ओ देत होते. मला ऐकू आलं नाही.